पाचपैकी पाच

माझ्या मुलीचा आकडा पंचेचाळीस आणि माझा पंचवीस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ या मधल्या वीस यार्डांत, म्हणजे वीस मोठ्या पावलांत, आहे. आमच्या ओळखीच्या लोकांना ते बंदुकीत आहे असं वाटतं, पण बंदूक बिचारी जिथे धरली तिथे मारते.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी मंडळींत रायफल बाळगणारा मी एकटाच. मूळचा नागपूरचा, गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या करून पोट भरणारा, चाळिशीचा चष्मा लागलेला माणूस. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारायचं, "काय यार, तू आणि बंदूक?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "किती लांब मारते रे?" माझी रायफल पॉइंट टू-टूची, म्हणजे सगळ्यात लहान जातीतली. तिचं काडतूस झिजून उरलेल्या पेन्सिलीच्या तुकड्याएवढं. पण काडतुसांच्या डब्यावर छापलेलं असतं की गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, सांभाळा. मी त्यातलं 'सांभाळा' गाळून बाकीचं सांगायचो. ऐकणाऱ्याच्या भुवया वर जायच्या आणि मला बरं वाटायचं. मुलगी जवळ उभी असली तर हळूच इंग्रजीत म्हणायची, "बाबा, ते अंतर नाही, ती वॉर्निंग आहे."

खरं तर हे सगळं तिनेच सुरू केलं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वर्गातल्या मैत्रिणी वडिलांबरोबर शिकारीला जायच्या, तिलाही जायचं होतं. इथे तिच्या वयाच्या मुलांबरोबर मोठं माणूस लागतं, आणि शिकारीचं लायसन्स काढायचं तर आधी सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. बायको म्हणाली, "तू जा. पण माझ्या ओट्यावर ससा आला ना, तर मी तिकीट काढून सरळ माहेरी जाईन." म्हणून एका शनिवारी दहा-बारा वर्षांच्या अमेरिकन पोरांमध्ये, लहानशा खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन, मी तो वर्ग केला. शेवटी परीक्षा झाली. मुलीची सगळी उत्तरं बरोबर आली, माझी दोन चुकली. "कोणती चुकली?" असं तिने फार प्रेमाने विचारलं. मी म्हणालो, प्रश्नच नीट विचारलेले नव्हते.

वर्ग घेणारा म्हातारा ऐंशीच्या घरातला होता. आयुष्यभर कारखान्यात साचे बनवलेले, आता तासाभराच्या अंतरावर शेतात एकटाच राहायचा. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही हे आम्हीच मुलीला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे तिने पहिल्याच दिवशी त्याला 'काका' म्हटलं. म्हातारा खूश. त्याने त्याचा अर्थ विचारून घेतला आणि मग पुढे मीसुद्धा त्याला काकाच म्हणायला लागलो. त्याच्या शेतात सफरचंदाची लहान झाडं होती आणि हिवाळ्यात ससे त्यांची साल कुरतडून झाडं मारून टाकत. दोघं येऊन थोडे ससे कमी करा, असं तो म्हणाला. निमंत्रण दोघांना होतं, पण म्हणताना तो बघत होता मुलीकडे.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून. घरी मी विचारलं, शाळा कशी झाली, तर उत्तर 'फाइन'. जेवण कसं झालंय, 'फाइन'. नागपूरला माझ्या वडिलांशी व्हिडिओ कॉलवर चार शब्द बोलायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. आणि हीच मुलगी काकांच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून तासभर बडबडायची. वाऱ्याबद्दल, त्यांच्या मेलेल्या कुत्र्याबद्दल, शाळेतल्या कुठल्याशा भांडणाबद्दल, जे भांडण झालं होतं हे मला माहीतच नव्हतं. मी बाजूला उभा राहून रायफल पुसायचो. ती आधीच पुसलेली असायची.

काकांची एक पद्धत होती. ते कुणालाही एकदम सशावर गोळी झाडू द्यायचे नाहीत. लोणच्याच्या छोट्या बरणीचं झाकण ते खुंटावर खिळ्याने ठोकायचे. दोन इंचांचं, सशाच्या डोक्याएवढं. मग आपण फाटकापर्यंत भरभर चालत जायचं, परत यायचं आणि दम लागलेला असतानाच गुडघ्यावर बसून, कशाचाही टेकू न घेता, पाच गोळ्या मारायच्या. पाचपैकी पाच झाकणाला लागल्या की खुंट पाच यार्ड मागे. जिथे एक जरी चुकली, तिथे थांबायचं. त्याच्या अलीकडचं अंतर हा तुमचा आकडा. तो शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिला जायचा आणि त्या अंतराच्या पलीकडे बसलेला ससा तुमचा नव्हे.

पंचवीसवर माझ्या पाच लागल्या. तिसावर चार. मी हसत म्हणालो, "पाचपैकी चार म्हणजे ऐंशी टक्के. आमच्याकडे यात डिस्टिंक्शन मिळतं."

काका हसले नाहीत. म्हणाले, "पाचवा ससा कुठेतरी झुडपात दोन दिवस मरत पडतो. त्याला तुझे ऐंशी टक्के सांग."

मुलगी तिसावर पाच, पस्तिसावर पाच, चाळीस, पंचेचाळीस. पन्नासावर एक चुकली. तिचा आकडा दारावर माझ्या आकड्याशेजारीच लिहिला गेला. माझ्या डोक्यात लगेच जुनं यंत्र सुरू झालं. तिला पंचेचाळीस आणि तुला पंचवीस? आम्ही ज्या घरांत वाढलो तिथे कुठलाही आकडा दिसला की तो मार्क असतो आणि मार्क कमी पडले की शेजाऱ्याच्या मुलाचे किती, हे विचारलं जातं. इथे शेजाऱ्याचं मूल म्हणजे माझीच मुलगी होती. त्याच दारावर सगळ्यात वर काकांचे स्वतःचे आकडे होते. सत्तर, साठ, पन्नास, चाळीस, आणि शेवटचा तीस. डोळे आणि हात जसे थकत गेले तसे त्यांनीच दर वर्षी कमी करत आणलेले. मी ते वाचले होते. पण मला त्यातला फक्त सत्तर दिसला.

मग मी इंजिनिअर लोक करतात तेच केलं. रायफलवर बसवायची दुर्बीण विकत घेतली आणि एक्सेल शीट बनवली. पन्नास यार्डांवर जुळवलेली टू-टू शंभर यार्डांवर सहा-सात इंच खाली मारते, हलका वारा असला तरी गोळी आणखी काही इंच बाजूला जाते, हे सगळं मी रकान्यांत भरलं. मग नेमबाजीच्या मैदानावर जाऊन बाकावर बसलो, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, अर्धा तास श्वास मोजला आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसवल्या. कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या भावाने नागपूरहून टाळ्यांची चार चित्रं पाठवली. मुलीने लिहिलं, "नाइस. बसून ना?"

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दोन शब्दांत कळलं.

पुढच्या शनिवारी मी तो कागद काकांना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, रायफलचं कौतुक केलं. म्हणाले, "ही शंभरावर मारते, छान. चांगल्या हातात सशासाठी पंचाहत्तर, त्याच्या पुढे नाही. तू कुठवर मारावंस ते रायफलला विचारून कळणार नाही." आणि दारावरचा पंचवीस तसाच राहिला. मुलगी तिथे होती. तिने बूट बांधण्यात गुंतल्यासारखं केलं. मला तिचा तो समजूतदारपणाही आवडला नाही.

एका गोष्टीत मात्र मी वरचढ होतो. मारलेल्या सशाचा मी सावजी रस्सा करायचो, गॅरेजमध्ये, इंडक्शनच्या शेगडीवर, बायकोच्या ओट्यापासून चांगला लांब. डबा भरून काकांना न्यायचो. ते नाक पुसत, डोळ्यांतून पाणी काढत दोनदा वाढून घ्यायचे. "हे जगातलं सगळ्यात चांगलं सशाचं जेवण," असं म्हणाले एकदा. पण ते ससे मुलीने मारलेले होते. माझ्या पंचवीस यार्डांत ससे फारसे थांबायचे नाहीत.

ती घटना फेब्रुवारीतली. शेतावर घोटाभर बर्फ होतं आणि पश्चिमेकडून वारा. आम्ही दोघं शिकाऱ्यांच्या केशरी टोप्या घालून कुंपणाच्या कडेने चाललो होतो, काका शेडमध्येच होते, कारण बर्फात त्यांचं पाऊल घसरायचं. समोर तोडलेल्या फांद्यांचा ढीग, त्याच्या मागे मातीचा उंच बांध, आणि ढिगाच्या टोकाला एक ससा अगदी स्वस्थ बसलेला. मुलगी गुडघ्यावर बसली, काकांनी तिला वापरायला दिलेली रायफल उचलली, क्षणभर बघितलं आणि खाली केली. "टू फार," ती कुजबुजली. कुंपणाच्या आडून जवळ जाऊ, असा तिने हाताने इशारा केला.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात ससा नव्हताच. मनात आलं की हिला जे जमत नाही ते मला जमेल. आणि काकांना ते हिच्याच तोंडून कळेल. मी डोळ्यांनी अंदाज केला, पंचाहत्तर यार्ड. शीटमधला आकडा आठवला, दुर्बिणीतली निशाण्याची काडी तेवढी वर धरली. "बाबा, डोन्ट," असं ती म्हणाली, आणि मी चाप ओढला.

ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. चाळिशीच्या पुढे आलो, इतके ससे रश्शात घातले, पण मला वाटायचं तो मुका प्राणी आहे. तो तान्ह्या बाळासारखा ओरडतो. गोळी खाली आणि बाजूला जाऊन मागच्या पायात लागली होती आणि तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत फांद्यांकडे चालला होता. मला पुन्हा निशाणा लावायला हवा होता. पण दुर्बिणीत नुसतं पांढरं दिसत होतं.

मुलगी उठली. धावली नाही, भरलेली रायफल घेऊन धावायचं नसतं. भरभर चालत गेली, सशापासून दहा पावलांवर, आणि एका गोळीत ते ओरडणं थांबवलं. परत येताना ती ससा बसला होता तिथपासून पावलं मोजत होती. माझ्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "एटी-एट," एवढंच म्हणाली. मोकळ्या बर्फावर अंतर कमी वाटतं, हे वर्गात शिकवलेलं होतं. माझ्या दोन चुकलेल्या प्रश्नांपैकी तो एक होता.

शेडमध्ये काकांनी ससा टेबलावर ठेवला आणि पाहताच थांबले. एक जखम डोक्यात, एक मागच्या पायात. त्यांच्या शेतावर नियम होता की जो आकड्याबाहेर गोळी झाडून जनावर जखमी करेल त्याची शिकार त्या वर्षापुरती बंद.

"ही पायातली कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, एवढं नक्की. पण मुलगी आधी बोलली. "माझी. मला वाटलं जमेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. त्यांनी पेन्सिल घेतली, दारावरचा पंचेचाळीस खोडला आणि खाली पंचवीस लिहिला. "सगळे इथूनच सुरू करतात," ते म्हणाले. "या वर्षी आता फक्त झाकणं."

आणि मी मूग गिळून गप्प उभा राहिलो. एवढंच असतं तर मी ते भित्रेपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण दारावर पंचवीस आणि पंचवीस शेजारीशेजारी दिसले आणि माझ्या आत कुठेतरी मला बरं वाटलं. आपण बरोबरीत आलो, असं वाटलं. माझ्या मुलीने माझा गुन्हा अंगावर घेतला होता आणि बाप मार्क मोजत होता. ते बरं वाटणं दोन-तीन सेकंदच टिकलं असेल. मला त्याची लाज अजून वाटते.

परतताना गाडी हायवेला लागली. मग मी विचारलं, "का म्हणालीस असं?"

ती खिडकीबाहेर बघत इंग्रजीत बोलायला लागली. शांतपणे, मला सगळं समजावं अशा बेताने. म्हणाली, काकांनी तुझं बंद केलं असतं तर तू परत आला नसतास. तू असंच करतोस. बुद्धिबळात मी तुला हरवलं, त्यानंतर तू पट काढलाच नाहीस. टेनिसमध्ये मी पहिला सेट जिंकले आणि तुझा खांदा दुखायला लागला, तो अजून दुखतोय. पोहायचं तर तू विसरूनच गेलास. "आय डोन्ट वॉन्ट टू डू दिस वन विदाउट यू."

मी म्हणालो, "पण तुला तर काका आहेत."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं, मला काहीच कळत नाही अशा नजरेने. म्हणाली, काकांशी मी इतकी बोलते ते तू तिथे उभा असतोस म्हणून. घरी तू विचारतोस तेव्हा तुला उत्तर हवं असतं. तिथे तू नुसता ऐकतोस. आणि आवाज आणखी खाली आणून तिने सांगितलं की आकडे लिहिले त्या दिवशी पन्नासावरची पाचवी गोळी तिने मुद्दाम बाजूला मारली होती. आपल्यातलं अंतर फार वाढू नये म्हणून.

मी पुढच्या एक्झिटला गाडी परत शेताकडे वळवली.

काका शेडमधल्या सिंकपाशी सुरी धूत होते. मी दारातच सांगितलं की पायातली गोळी माझी, अंतर अठ्ठ्याऐंशी, आणि हिने नको म्हटलेलं असताना मारली. सांगून झाल्यावर पुढे काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी चष्मा काढून पुसला. त्यांनी हात कोरडे केले, पंचेचाळीस पुन्हा लिहिला आणि माझा पंचवीस खोडला. खाली दुसरा आकडा लिहिला नाही. "तुझी रायफल घरी," ते म्हणाले. "तू मात्र ये. झाकणं ठोकायला माणूस लागतो, माझ्याने आता बर्फात तितकं चालवत नाही." मुलीला त्यांनी वेगळं सुनावलं, खोटं बोलल्याबद्दल, मला बोलले त्याहून कडक शब्दांत. ती मान खाली घालून ऐकत होती.

त्यानंतरचे सगळे शनिवार मी गेलो. एका शनिवारी खोकल्याचं निमित्त अगदी जिभेवर आलं होतं. बायको म्हणाली, "जा रे, ती गाडीत जाऊन बसलीये." खिशात खिळे, हातात हातोडी आणि झाकणांची पिशवी. मुलगी मारायची, काका बादलीवर बसून बघायचे. गोळ्या संपल्या, रायफल उघडून जमिनीवर ठेवली गेली की मी चालत जाऊन झाकण पाहून यायचो आणि ओरडून सांगायचो. पन्नासावर पाच. पंचावन्नावर पाच, दुसऱ्या प्रयत्नात. मार्चअखेर बर्फ वितळून शेतात चिखल झाला होता, तेव्हा ती साठावर बसली. फाटकापर्यंत जाऊन आलेली, धाप लागलेली, वारा समोरून. मी तिच्या मागे उभा होतो. पाच आवाज झाले. मी चिखल तुडवत गेलो, झाकणावर बोट फिरवत भोकं मोजली आणि पुन्हा मोजली, कारण मला ती चार निघावीत असं वाटत होतं. पाच होती.

"पाच," मी ओरडलो. माझा आवाज हवा तितका आनंदी आला नाही. तिला तो कळलाच असणार. ती गुडघ्यावरून उठली नाही, तिथूनच माझ्याकडे बघत राहिली, मी आता काय करतो ते. पोटात दुखत होतं, नेहमीसारखंच, नेहमीच्याच जागी. मी खुंट उपटला, खांद्यावर घेतला आणि पाच यार्ड आणखी मागे चालत गेलो.